डॉपलरमध्ये व्हेरिकोसील आलंय. ऑपरेशन करू की थेट इक्सी?

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा गाभा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय 31, पत्नीचं 28. दोन वर्षांपासून मूल हवंय, दिवस गेलेले नाहीत. पत्नीची पाळी नियमित आहे, नळ्या मोकळ्या आहेत, हार्मोन ठीक आहेत. तुमची वीर्यतपासणी एकदाच झाली: 2.2 मिली, 9 मिलियन प्रति मिली, पुढे सरकणारे शुक्राणू 26 टक्के, आकाराने नॉर्मल 3 टक्के, आणि खाली ‘पस सेल्स 8–10’. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीत डाव्या बाजूला ग्रेड 2 व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या नसा. एका सर्जननी ऑपरेशन सांगितलं, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाच्या) सेंटरने थेट इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं, तिसऱ्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या महागड्या कॅप्सूल. चौथ्या ठिकाणी ‘आमचं संशोधन चालू आहे’ म्हणत वृषणात पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचं, इंजेक्शन सुचवलं आणि त्याचे पैसे सांगितले. यातलं अभ्यासात खरं काय उतरलंय, हा तुमचा प्रश्न.

मी पुरुषांच्या वंध्यत्वावर काम करणारा युरॉलॉजिस्ट आहे. आधी उत्तर देतो, मग कारणं. एवढ्या कागदांवर कुठलाच निर्णय घेऊ नका. वीर्यतपासणी पुन्हा करा आणि एखाद्या अनुभवी युरॉलॉजिस्टकडून उभं राहून हाताने तपासून घ्या. व्हेरिकोसील हाताला लागत असेल, दुसऱ्या रिपोर्टमध्येही आकडे कमीच असतील, तर तुमच्या आणि विशेषतः पत्नीच्या वयाला ऑपरेशन हा पहिला पर्याय म्हणून रास्त आहे. ते फक्त डॉपलरवरच दिसत असेल तर ऑपरेशन करू नका. इक्सी हातात राहतेच, पण आजच्या आज तिच्याकडे धावायचं कारण तुमच्या माहितीत मला दिसत नाही. कॅप्सूलचे पैसे वाचवा. पीआरपीबद्दल शेवटी सांगतो.

आता रिपोर्टकडे वळू. एका वीर्यतपासणीवर माणसाला ‘कमी काउंटवाला’ ठरवणं चूक आहे, कारण त्याच माणसाचे दोन महिन्यांतले दोन रिपोर्ट चांगलेच वेगळे येतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात आणि नंतर नळीतून प्रवास करून बाहेर यायला आणखी दीडेक आठवडा. म्हणजे आजच्या नमुन्यात तीन महिन्यांपूर्वीचा हिशेब असतो. तेव्हा डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर आजचा काउंट पडलेला दिसू शकतो. मागचे तीन महिने आठवून पाहा. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं असतं. कमी ठेवलं तर संख्या घटते, पंधरा दिवस ठेवलं तर मेलेले शुक्राणू वाढतात. नमुना लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचाच असेल तर एका तासाच्या आत, अंगाजवळ धरून, उबेत आणावा. पहिला थेंब बाहेर गेला असेल तर तसं मोकळेपणाने सांगावं, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागात असतात. लाजेपोटी हे कुणी सांगत नाही आणि रिपोर्ट मात्र सहा महिने फायलीत फिरत राहतो.

त्या ‘नॉर्मल’ आकड्यांबद्दलही थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या पुस्तिकेत किमान संख्या 15 मिलियन प्रति मिली होती, 2021 च्या सहाव्या आवृत्तीत ती 16 झाली. पुढे सरकणाऱ्यांचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 30 झालं, नॉर्मल आकार 4 टक्केच राहिला. या रेषा आल्या कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढली. म्हणजे बाप झालेल्या पुरुषांपैकीही पाच टक्के त्या रेघेखालीच होते. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मूल न होणाऱ्या 765 जोडप्यांतले पुरुष आणि मूल झालेले 696 पुरुष यांची तुलना केली होती. 13.5 मिलियनच्या खाली ‘अडचण असण्याची शक्यता’, 48 च्या वर ‘बहुधा ठीक’ आणि मधला सगळा पट्टा संदिग्ध, असं त्यातून निघालं. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की एका आकड्यावरून अमुक माणूस बाप होणार की नाही हे सांगताच येत नव्हतं. तुमचे 9 मिलियन हे अडचणीच्या बाजूला आहेत खरे, पण दार बंद आहे असं त्याचा अर्थ कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

मी स्वतः रिपोर्टमध्ये आधी एक गुणाकार करतो: आकारमान गुणिले संख्या गुणिले पुढे सरकणाऱ्यांचं प्रमाण. तुमचं उत्तर येतं सुमारे 5 मिलियन. एकूण हलणारे शुक्राणू किती, हे यावरून कळतं आणि पुढचा रस्ता ठरवायला हा आकडा सुट्या आकड्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. आकाराच्या 3 टक्क्यांनी झोप उडवून घेऊ नका, हे एका पुरुषरोगतज्ज्ञाचं ठाम मत समजा.

‘पस सेल्स’ या दोन शब्दांनी महाराष्ट्रात किती अँटिबायोटिक खपतं याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी दिसल्या की बऱ्याच लॅब त्यांना पस सेल्स म्हणून टाकतात. त्यांतल्या अनेक पेशी अर्धवट तयार झालेल्या शुक्राणूंच्या असतात, पांढऱ्या पेशी नसतातच. फरक ओळखायला वेगळा रंग वापरावा लागतो. जळजळ, ताप, लघवीचा त्रास काही नसेल तर त्या ओळीसाठी तीन आठवड्यांचा कोर्स घेऊ नका.

आता व्हेरिकोसील. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या नसांचं जाळं फुगतं, त्याला आपण व्हेरिकोसील म्हणतो. डाव्या बाजूला ते जास्त दिसतं कारण डाव्या वृषणाची नस वर जाऊन मूत्रपिंडाच्या नसेला काटकोनात मिळते, उजवी मात्र थेट मोठ्या नसेला तिरकी मिळते. डावीकडे रक्ताचा स्तंभ उंच असतो आणि झडपा नीट नसल्या की रक्त खाली उलटं येतं. वृषण पोटाबाहेर लटकलेलं असतं ते थंड राहावं म्हणून. उलट येणाऱ्या रक्ताने तिथलं तापमान वाढतं, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि शुक्राणूंच्या निर्मितीला फटका बसतो. असं मानलं जातं आणि त्याला बराच आधारही आहे. पण फटका बसतोच असं नाही. सर्वसाधारण पुरुषांत दर शंभरात पंधराएक जणांना व्हेरिकोसील असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना पोरंबाळं असतात. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांपर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 1992 साली 9,034 पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली: वीर्य बिघडलेल्यांत 25.4 टक्के आणि वीर्य ठीक असलेल्यांत 11.7 टक्के व्हेरिकोसील. संबंध आहे हे उघड दिसतं. पण संबंध असणं आणि ऑपरेशनने मूल होणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे.

ग्रेडची पद्धत मुळात हाताची आहे. 1970 साली डुबिन आणि अमेलार यांनी ती मांडली. पोटावर जोर दिल्यावरच हाताला लागतं ते ग्रेड 1, जोर न देता लागतं ते ग्रेड 2, लांबून डोळ्याला दिसतं ते ग्रेड 3. म्हणजे सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड 2’ लिहिलेलं वाचून मला दर वेळी प्रश्न पडतो की हे हाताने कुणी पाहिलं का. तपासणी उबदार खोलीत, रुग्ण उभा असताना करायची असते. थंडीत अंडकोष आखडतो आणि काही लागत नाही. डॉपलर मशिन इतकं संवेदनशील असतं की खोकायला सांगितलं की कितीतरी निरोगी पुरुषांतही थोडं उलट रक्त दिसतं. म्हणूनच अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की हाताला न लागणारं व्हेरिकोसील शोधायला सोनोग्राफी करत बसू नये आणि केवळ प्रतिमेत दिसलेल्यावर ऑपरेशन करू नये. एक सावधगिरी मात्र हवी: व्हेरिकोसील अचानक उद्भवलं, मोठं आहे आणि आडवं झाल्यावरही ओसरत नाही, तर मूत्रपिंडाच्या बाजूला काही गाठ नाही ना, हे पोटाच्या तपासणीत पाहून घ्यावं लागतं.

ऑपरेशनबद्दलचे अभ्यास एकमेकांशी भांडतात, ते का, हे समजून घेतलंत तर तुम्हाला भेटलेल्या डॉक्टरांची मतं का जुळत नाहीत तेही कळेल. 1950 च्या दशकात एडिंबराच्या टलक यांनी दोन्ही बाजूंचं व्हेरिकोसील आणि वीर्यात शुक्राणूच नाहीत अशा माणसाचं ऑपरेशन केलं, आणि पुढे तो बाप झाला. तिथून जगभर ऑपरेशनांचा धडाका सुरू झाला. पुढची तीस-चाळीस वर्षं बहुतेक लेख एकाच धाटणीचे होते: इतक्या जणांचं ऑपरेशन केलं, इतक्यांचा काउंट वाढला, इतक्यांना मूल झालं. तुलनेला ऑपरेशन न केलेला गटच नव्हता.

तुलनेचा गट नसला की काय फसगत होते पाहा. माणूस डॉक्टरकडे येतो तो काउंट सर्वांत खाली असताना. पुढचा रिपोर्ट काहीही न करता थोडा वर सरकतो, कारण टोकाचा आकडा पुढच्या वेळी सरासरीकडे येतोच. ऑस्ट्रेलियातल्या बेकर आणि कोव्हॅक्स यांनी 1985 साली हे वीर्यतपासणीतच दाखवून दिलं. मध्ये तुम्ही ऑपरेशन केलं असेल तर श्रेय सर्जनला, कॅप्सूल घेतली असेल तर कंपनीला, नवस बोलला असाल तर देवाला. शिवाय मूल न होणाऱ्या जोडप्यांतल्या बऱ्याच जणांना वाट पाहतानाच दिवस जातात. म्हणून कुठल्याही उपचाराबद्दल मी दोन गोष्टी विचारतो: चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते का आणि शेवटी शुक्राणू मोजले की मुलं.

या कसोटीवर चाललेले पहिले अभ्यासच परस्परविरुद्ध निघाले. इस्रायलमध्ये मॅडगर यांनी 1995 साली 45 जोडप्यांचा अभ्यास छापला. लगेच ऑपरेशन झालेल्या गटात वर्षभरात 60 टक्के जोडप्यांत गर्भ राहिला, थांबवून ठेवलेल्या गटात 10 टक्के. त्या थांबलेल्यांचं नंतर ऑपरेशन केलं, तर पुढच्या वर्षी त्यांच्यातही 44 टक्क्यांपर्यंत आकडा गेला. याच सुमारास जर्मनीत म्युन्स्टरला निश्लाग यांच्या गटाने 125 जोडपी घेतली. निम्म्यांच्या नसा बंद केल्या, निम्म्यांना ठरावीक अंतराने फक्त सल्ला दिला: दिवस कोणते, संबंध केव्हा, काय टाळायचं. वर्षाअखेरीस ऑपरेशनच्या गटात 29 टक्के, नुसत्या सल्ल्याच्या गटात 25 टक्के. ऑपरेशनचा फायदा जवळपास नाहीच! हा निकाल सर्जन मंडळींना झोंबला, पण मला त्यातला दुसरा अर्थ जास्त आवडतो. नीट बसून सल्ला दिला तर चौथ्या हिश्श्याच्या जोडप्यांना मूल झालं. आपल्याकडे पाच मिनिटांच्या ओपीडीत हा उपचार कुणाला मिळतो?

2003 साली एव्हर्स आणि कॉलिन्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सात चाचण्या एकत्र केल्या. निष्कर्ष असा की ऑपरेशन केलेल्यांत आणि न केलेल्यांत गर्भ राहण्याच्या प्रमाणाचं गुणोत्तर 1.01, म्हणजे शून्य फरक. अनेक आयव्हीएफवाले डॉक्टर आजही हाच लेख पुढे करतात. त्यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्या सातपैकी काही चाचण्यांत ज्यांचं व्हेरिकोसील हाताला लागतच नव्हतं असे पुरुष होते, काहींत वीर्य मुळात नॉर्मल असलेले. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त केल्याने फरक कसा पडावा? मार्मार आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये फक्त हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेलं वीर्य असलेले पुरुष निवडले, तेव्हा ऑपरेशनवाल्यांत 33 टक्के आणि न केलेल्यांत 15.5 टक्के असा फरक निघाला. 2011 मध्ये सौदी अरेबियातून अब्देल-मगीद यांची चाचणी आली. मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन, हाताला लागणारं व्हेरिकोसील, बिघडलेलं वीर्य, पत्नी ठीक, 145 पुरुष, एक वर्ष. आपोआप गर्भ राहण्याचं प्रमाण 32.9 टक्के विरुद्ध 13.9 टक्के. तुमची परिस्थिती या चाचणीतल्या पुरुषांशी बरीच जुळते, म्हणून मी तिला जास्त वजन देतो.

तरी बेफिकीर होऊ नका. 2012 च्या कॉक्रेन (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात सगळं मिळून फायदा दिसला, पण पुराव्याचा दर्जा ‘अतिशय खालचा’ असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. सरसकट सगळ्यांत एक जादा गर्भधारणा व्हायला सतरा ऑपरेशनं लागतात, असा त्यांचा हिशेब होता. योग्य माणूस निवडला तर हा आकडा बराच खाली येतो. माझं मत या दोन टोकांच्या मध्ये आहे: निवडलेल्या पुरुषांत ऑपरेशनने शक्यता साधारण दुपटीने वाढते, पण दुपटीनंतरही वर्षभरात तीनातल्या एकाच जोडप्याला यश येतं. कुणी ‘नव्वद टक्के खात्री’ देत असेल तर खुर्चीतून उठा.

मोठ्या चाचण्या का होत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. दोन वर्षं मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्याला ‘चिठ्ठीत नाव निघालं तर वर्षभर काहीच करायचं नाही’ असं सांगून बघा. सासरी-माहेरी चौकशा चालू असताना कोण तयार होईल? जे होतात ते अर्ध्यातून दुसरीकडे इक्सी करून घेतात. वंध्यत्वाचं संशोधन लहान-लहान चाचण्यांवर उभं आहे ते यामुळे.

यात पत्नीचं वय हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि तुमच्या कागदांवर तोच सर्वांत लहान अक्षरात आहे. 28 वर्षं म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. ऑपरेशननंतर शुक्राणूंची नवी फळी यायला तीन महिने लागतात, परिणाम नीट दिसायला सहा महिने, आणि त्यानंतर प्रयत्न करायला आणखी सहा महिने. हे वर्ष 28 व्या वर्षी परवडतं. तीच 37 वर्षांची असती, किंवा तिचा एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) खूप कमी असता, तर मी तुम्हाला थांबायला सांगितलं नसतं. बीजांचा साठा ऑपरेशनची वाट पाहत नाही.

इक्सीबद्दल माझं काही वाकडं नाही. मुंबईत केईएम रुग्णालय आणि परळची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन संशोधन संस्था यांच्या कामातून डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तेव्हाच्या पद्धतीत बशीतल्या बीजापर्यंत शुक्राणूंना स्वतःच्या बळावर पोचावं लागे, त्यामुळे काउंट फार कमी असेल तर तिचा उपयोग होत नसे. 1992 साली ब्रसेल्सहून एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडायची पद्धत जाहीर झाली, ती इक्सी. ज्यांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत आणि वृषणातून चार-दोन काढावे लागतात, अशा पुरुषांना तिच्यामुळे स्वतःचं मूल मिळालं. पण दोष पुरुषाचा असला तरी इंजेक्शनं, सोनोग्राफी, बीज काढताना भूल आणि अंडाशय सुजण्याचा धोका हे सगळं बायकोच्या वाट्याला येतं. खर्च तर आहेच आणि एका फेरीत यश येईलच असं नाही. पुरुषाची धड तपासणीही न करता तिला त्या टेबलावर झोपवणं मला पटत नाही. मधला टप्पा म्हणून आययूआय आहे, म्हणजे धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं. त्यात वीर्य धुतल्यावर हलणारे शुक्राणू 5 मिलियनच्या खाली राहिले तर यश बरंच घटतं. तुमचा धुण्याआधीचाच आकडा 5 च्या आसपास आहे, म्हणून सध्या आययूआयच्या फेऱ्यांत पैसे घालवू नका. ऑपरेशननंतर काउंट वर आला तर मात्र इक्सीऐवजी आययूआयवर काम भागू शकतं.

ऑपरेशनच्या आधी रक्तात एफएसएच (मेंदूकडून वृषणाला कामाला लावणारं हार्मोन) आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन करून घ्या. काउंट प्रति मिली 10 मिलियनच्या खाली असताना ही तपासणी योग्यच आहे. गुणसूत्रांची महागडी तपासणी हाच काउंट 5 मिलियनच्या खाली गेल्यावर विचारात घ्यायची. तुम्हाला आत्ता गरज नाही. शुक्राणूंच्या डीएनएची तुटफूट मोजणारी डीएनए फ्रॅगमेंटेशन टेस्टही पहिल्या फेरीत नको.

आणि एक सरळ प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्ही लिहिलेलं नाही: जिममध्ये कुणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन दिलंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणाला काम थांबवायचा निरोप देतो. हे इतकं पक्कं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. 1990 च्या त्या अभ्यासात 271 निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि त्यांतल्या 157 जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. बंद केल्यावर बहुतेकांत काही महिन्यांत ते परत येतात, म्हणून घेत असाल तर आज थांबवा आणि डॉक्टरांना खरं सांगा. मूल होत नाही म्हणून ‘हार्मोन कमी आहे’ असं ठरवून हेच इंजेक्शन देणारेही भेटतात. तिथून मागे फिरा. बाकी तंबाखू, मावा, सिगारेट सोडा, गरम पाण्याच्या टबात बसणं आणि मांडीवर लॅपटॉप टाळा. यांनी चमत्कार होणार नाही, पण याला पैसे लागत नाहीत.

कॅप्सूलचं प्रकरण ऑपरेशनपेक्षा सोपं आहे, कारण तिथे मोठ्या चाचण्या झाल्यात. अमेरिकेत 2,370 जोडपी घेऊन पुरुषांना सहा महिने 5 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड आणि 30 मिलिग्रॅम झिंक किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. निकाल 2020 मध्ये छापला: गोळीवाल्यांत 34 टक्के जोडप्यांना मूल झालं, निष्क्रिय गोळीवाल्यांत 35 टक्के. काउंटमध्ये फरक नाही, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या आणि शुक्राणूंच्या डीएनएची तुटफूट थोडी जास्तच दिसली. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चाचणीत 171 पुरुषांना सी आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक अॅसिड, लायकोपिन असं सगळं कडबोळं दिलं. तुमच्या कॅप्सूलच्या पाकिटावर बहुधा हीच यादी असेल. तिथेही ना वीर्य सुधारलं, ना मुलं वाढली. अँटिऑक्सिडंटच्या बाजूने निघालेले बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांत मुलं मोजलेली नाहीत. महिन्याला दोन-तीन हजार त्यात घालण्यापेक्षा ते ऑपरेशनच्या खर्चाला ठेवा.

ऑपरेशन करायचं ठरलं तर मायक्रोस्कोप वापरून, जांघेच्या जरा खाली छोटा छेद देऊन करणाऱ्याकडे करा. मायक्रोस्कोपखाली बारीक धमनी आणि लसिकावाहिन्या ओळखून वाचवता येतात. लसिकावाहिन्या बांधल्या गेल्या तर अंडकोषात पाणी साचतं आणि धमनी गेली तर वृषणालाच इजा होऊ शकते. वरच्या बाजूने, उघड्या डोळ्यांनी केलेल्या जुन्या पद्धतीत पाणी साचणं आणि व्हेरिकोसील परत येणं, दोन्ही जास्त. ‘मायक्रोस्कोप आहे का, आणि तुम्ही स्वतः त्याखाली नियमित करता का’ हे विचारायला संकोच करू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं, आठवड्यात बैठं काम, महिनाभर जड उचलणं बंद. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. सहा महिन्यांत आकडे हललेच नाहीत तर आणखी वर्ष वाया न घालवता इक्सीकडे वळा.

आता त्या पीआरपीच्या ‘संशोधना’बद्दल. वृषणात पीआरपी टोचणं हा नेहमीचा उपचार म्हणून मान्य झालेला प्रकार नाही, तो प्रयोगाच्याच पातळीवर आहे. प्रयोगाला माझा विरोध नाही. वर सांगितलेलं सगळं ज्ञान अशाच प्रयोगांत सहभागी झालेल्या जोडप्यांमुळे आपल्याला मिळालंय. पण प्रयोगाचे नियम असतात. आपल्याकडे 2007 पासून सीटीआरआय ही क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, ती ऑनलाइन कुणालाही मोफत पाहता येते आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे नोंद करावी लागते. नोंदीत किती रुग्ण घेणार, कुणाशी तुलना करणार, शेवटी काय मोजणार हे सगळं लिहिलेलं असतं. ते वाचा. तुलनेचा गटच नसेल तर त्यातून तुम्हालाही काही कळणार नाही आणि शास्त्रालाही नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनापायी होणारा जादा खर्च सहभागी माणसाकडून घ्यायचा नसतो. म्हणजे पैसे मागितले की एकतर ते संशोधन नाही, किंवा ते नियमांनी चाललेलं नाही.

त्या सेंटरकडे तीन गोष्टी मागा: सीटीआरआयचा क्रमांक, नोंदणी असलेल्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आणि मराठीतलं संमतीपत्र, घरी नेऊन वाचायला. इंजेक्शनने इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार हे त्या संमतीपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे आणि तुम्ही मध्येच बाहेर पडलात तरी तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडणार नाही, हेही. यातलं एकही देता येत नसेल तर तिकडे परत जाऊ नका. तीनही मिळाले तरी आधी ती दुसरी वीर्यतपासणी आणि हाताची तपासणी उरकून घ्या, आणि दोन्ही रिपोर्ट आले की इथेच पुन्हा लिहा.